उजव्या कोपऱ्यातली चूक

१

गुरुवारी सकाळी खुर्च्या विणणाऱ्या बाईंच्या घरात गुन्हा उघडकीला आला. काही चोरीला गेलं नव्हतं, काही मोडलंही नव्हतं. उलट, मोडलेलं कुणीतरी गुपचूप दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि त्यावरून घरात एकच हलकल्लोळ माजला होता.

बाईंची लेक मला बोलवायला धावत आली. तिच्या हाताला अजून ओल्या वेताचा वास येत होता. "चौकशीबाई, चला लवकर," ती म्हणाली. "आई कुणाचं ऐकत नाहीये. मलाच चोर ठरवायला निघालीय."

मला सगळे चौकशीबाई म्हणतात. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांचा शोध घेणाऱ्या कचेरीत मी केस पांढरे होईपर्यंत काम केलं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की, मला नसत्या चौकशा करायची खोड आहे आणि निवृत्तीनंतर ती वाढली आहे. दोन्ही कारणं खरी असल्यामुळे मी कधी रागावत नाही.

या घरात मला कुणी वाट दाखवायची गरज नव्हती. पुढे दुकान, त्यात भिंतीला टांगलेल्या खुर्च्यांचे सांगाडे, पाण्याच्या टबात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. मागे कोठीची खोली, तिथून वर जायचा जिना. कोठीत माझी मैत्रीण, म्हणजे या घराची मालकीण, कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर एक खुर्ची आणि खाली पडलेली चादर.

त्या खुर्चीची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या मुलाने स्वतःच्या खुर्चीची फाटकी बैठक कापून काढली आणि नवी विणायला घेणार, तेवढ्यात त्याला आघाडीवर नेणारा ट्रक दाराशी आला. "आल्यावर विणतो, कुणी हात लावायचा नाही," असं सांगून तो गेला. साधा शिपाई होता. ना पदक, ना फोटो छापून आलेला. सहा महिन्यांनी नदीवरच्या पुलाच्या लढाईत तो बेपत्ता झाला. मी त्याला इस्पितळांत शोधलं, कैद्यांच्या छावण्यांत शोधलं, हात पोचेल तिथे सगळीकडे शोधलं. सीमेच्या पलीकडे मात्र माझा हात पोचत नव्हता, आणि सीमा बंद झाली ती यंदा कुठे जराशी उघडली होती.

तेव्हापासून ती खुर्ची बैठकीच्या भोकासकट चादरीखाली होती. मायलेकी जुनी गल्ली सोडून इथे आल्या, तेव्हा तीही तशीच बरोबर आली. दर रविवारी मैत्रीण चादर काढायची, खुर्ची पुसायची आणि परत झाकायची. एरवी तिकडे कुणी फिरकत नसे.

आणि आता येत्या रविवारी चौकातल्या दगडावर, युद्धात गेलेल्यांच्या नावांखाली, त्याचं नाव कोरायचं ठरलं होतं. दोन वर्षं तिने स्मारकवाल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. गेल्या महिन्यात मात्र मान हलवली. त्या धास्तीने असेल, पण आज गुरुवारीच तिने चादर उचलली. खाली खुर्ची विणून तयार होती.

"मला हे कुणी केलं ते हवंय," मैत्रीण म्हणाली. "दया म्हणून केलं असेल, तर त्याला मी या घराची पायरी चढू देणार नाही. आणि जर..."

पुढचं मीच बोलले. "आणि जर त्यानेच केलं असेल?"

"तर दगडावर नाव कोरायचं नाही," ती म्हणाली. "रविवारच्या आत सांग मला. तो आहे की नाही, एवढंच."

२

मी खुर्ची उजेडात घेतली. काम बरं होतं. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, त्यांच्यातून गेलेल्या तिरप्या पट्ट्या, सगळं ताणून बसवलेलं.

आता या घराण्याची एक खोड सांगायला हवी. मैत्रिणीच्या सासऱ्यांनी हे काम शिकताना एक चूक केली. बैठकीच्या चौकटीला कोपऱ्याजवळ जे भोक असतं, त्यातून एक तिरपी पट्टी जायला हवी, तिथे ते दोन घालायचे. पुढच्या बाजूला बसून काम करताना डाव्या हाताला जो कोपरा येतो, त्यात. त्यांनी तीच चूक मुलाला शिकवली, मुलाने बायकोला आणि पोरांना. बैठकीला त्याने काही होत नाही, नुसती एक जागा जाड दिसते. ही चूक आहे हे माझ्या मैत्रिणीला चांगलं ठाऊक आहे. पण ती म्हणते, मला कळून काय उपयोग, हाताला कळलं पाहिजे ना.

दुसऱ्या कुठल्याही विणकराची खुर्ची घ्या, ही जाड जागा सापडायची नाही. मी वाकून पाहिलं. एका भोकात दोन पट्ट्या होत्या.

"आहे," मी म्हणाले. "तुमच्या घरचीच चूक आहे."

मैत्रीण भिंतीला टेकली. लेकीने तोंडावर हात धरला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण खोड ती खोड. मी खुर्चीपुढे नीट बसले आणि दोन्ही हात कोपऱ्यांवर ठेवले. जाड जागा माझ्या उजव्या हाताखाली होती.

मैत्रिणीनेही ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "तो उजवीकडे घालणार नाही," ती हळूच म्हणाली. "झोपेतसुद्धा नाही. हे माझ्या मुलाने विणलेलं नाही गं."

३

बैठक विणायला दोन-तीन दिवस लागतात. रविवारी खुर्ची रिकामी होती, गुरुवारी भरलेली. मधल्या दिवसांत मायलेकी पुढच्या दुकानात कामात असणार. मग कोठीत कोण जातं-येतं? मी तिघांना गाठलं.

पहिली लेक. तिने आईच्या समाधानासाठी केलं असेल का? ती माझ्यावर उखडलीच. म्हणाली, केलं असतं तर चूक डावीकडे झाली असती, उजवीकडे करायला मला आरशात बघून विणावं लागेल. मी तिला एक तिरपी पट्टी घालून दाखवायला सांगितली. तिने तोंड वाकडं करत घातली, आणि दोन पट्ट्या बरोबर डावीकडे गेल्या. लेक सुटली.

दुसरी भाडेकरीण. महिन्याभरापूर्वी आली होती, वरची खोली घेऊन राहत होती, शिंप्याकडचे सदरे आणून कॉलर शिवायची. तिचा जिना कोठीतूनच वर जातो. तिने मला चहा दिला. भरलेला कप डाव्या हाताने पुढे केला, एक थेंब सांडला नाही. मी विचारलं, कोठीत कुणाला पाहिलंत का. ती म्हणाली, नाही हो. मी विचारलं, खुर्च्या विणता येतात का. ती हसली आणि म्हणाली, मी सदरे शिवते. पुढे तिनेच मला विचारलं, "काकूंनी आजच कशी चादर काढली? त्या तर रविवारी काढतात ना?" बोलकी पोरगी आहे, असं मला वाटलं. तेव्हा एवढंच वाटलं.

तिसरा लंबू. हा मुलाचा पलटणीतला दोस्त. दारातून आत येताना दर वेळी वाकतो आणि तरी दर वेळी डोकं आपटून घेतो. युद्धातून धडधाकट परतला आणि घरी आल्यावर सायकलवरून पडून पुढचे दात घालवून बसला. तो मैत्रिणीला आई म्हणतो, आठवड्यातून एकदा येऊन जड सांगाडे उचलून ठेवतो, आणि उचलताना निम्मे पाडतो. सोमवारी तो आला होता आणि कोठीत बराच वेळ होता.

मी त्याला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं. कुणी चूक उजवीकडे कधी करेल, याचा मी तोवर विचार करून ठेवला होता. शेजारी बसून शिकलेला डावीकडे करेल. पण समोर बसून शिकलेल्याला शिकवणाऱ्याचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, आणि तो तसाच उचलतो. या घरातली सगळी माणसं एका बाकावर शेजारी बसून शिकली. सासऱ्यांनी, नवऱ्याने, मैत्रिणीने आणि लेकीने बाहेरच्या कुणाला कधी शिकवलं नव्हतं. मग समोर बसवून शिकवणारा एकच उरत होता, तो म्हणजे बेपत्ता शिपाई.

"पलटणीत असताना तो खुर्च्या विणायचा का रे?" मी विचारलं.

"साहेब लोकांच्या विणायचा," लंबू म्हणाला. "मी समोर बसून बघायचो."

लंबूने मान खाली घातली.

"चौकशीबाई," तो म्हणाला, "ती खुर्ची मीच विणली."

४

हे खरं असेल तर संपलंच होतं. मुलाने पुलाच्या लढाईआधी दोस्ताला शिकवलं, दोस्ताने कळवळ्याने खुर्ची विणली, आणि मुलगा नदीत तो नदीतच. मैत्रीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली, एक सांगाडा आणि ओल्या पट्ट्या घेऊन आली आणि लंबूच्या पुढ्यात ठेवल्या.

"विण," ती म्हणाली.

लंबूने सुरुवात केली. थोड्याच वेळात पट्ट्यांचं असं काही झालं, की त्यात त्याचा अंगठा अडकला. तो सोडवताना शर्टाची बाही अडकली. लेकीला हसू आवरेना. शेवटी कात्री आणून त्याला कापून काढावं लागलं.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"आईंना वाटलं असतं, कुणीतरी थट्टा केली," तो म्हणाला. "त्यापेक्षा मला शिव्या दिलेल्या बऱ्या. मला सवय आहे." सोमवारी कोठीत काय करत होता तेही त्याने कबूल केलं. सांगाडे पाडले होते, ते आवाज न करता परत रचत होता. मैत्रिणीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला जेवायला वाढलं. मला त्या वेळी दोघांचंही फार कौतुक वाटलं.

पण कोडं तसंच राहिलं. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा आले आणि या वेळी खुर्ची उलटी केली. खालच्या बाजूला पट्ट्यांची टोकं अडकवून गाठी मारलेल्या असतात. प्रत्येक टोकावर दोन बारीक खुणा होत्या, शेजारी शेजारी. मी चष्मा पुसला. वेत ओला असताना मऊ असतो, जे दाबाल ते उमटतं. त्या खुणा दातांच्या होत्या, आणि लंबूला ते दात नव्हतेच.

"तुम्ही दात लावता का गं पट्टीला?" मी मैत्रिणीला विचारलं.

"छे. एक हात वर, एक हात खाली. दातांचं काय काम?"

"आणि एकच हात असेल तर?"

"तर वरचं टोक दातात धरावं लागेल. पण ही बैठक एका हाताची नाही." तिने अंगठ्याने विणीवर दाबून दाखवलं. "एवढी ओढ दोन हातांशिवाय येत नाही. ज्याने विणली त्याला दोन्ही हात आहेत."

म्हणजे दोन्ही हात शाबूत असलेलं माणूस, गरज नसताना, प्रत्येक पट्टी दातात धरत होतं.

५

मैत्रिणीला मी काही सांगितलं नाही. आधी खात्री हवी होती. शिवायला दिलेला सदरा तयार आहे का, असं निमित्त करून मी जिना चढले. सदरा मी कधीच दिला नव्हता. पण भाडेकरीण शिंप्याच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होती, त्यामुळे मला निमित्त पुरं करायची वेळच आली नाही. मी दारातच उभी राहिले.

तिने सुतळीचं एक टोक दातात धरलं, उजव्या हाताने वेढा घातला आणि उजव्याच हाताने गाठ मारली. डावा हात मांडीवर निवांत पडला होता. काल चहाचा कप पुढे करणारा तोच धडधाकट हात.

"तो हात का वापरत नाहीस पोरी?" मी विचारलं.

तिने हाताकडे पाहिलं, जणू तो तिथे आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं. मग सुतळी खाली ठेवली. मी दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर बसले.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," मी म्हणाले. "तुला हे काम कुणीतरी समोर बसून शिकवलं, म्हणून तुझी चूक उजवीकडे जाते. शिकवणाऱ्याला एकच हात होता, म्हणून तो पट्टी आणि गाठ दातात धरायचा. तू त्याचं बघून शिकलीस, म्हणून तूही धरतेस. आमचा पोरगा घरून गेला तेव्हा त्याला दोन्ही हात होते. पलटणीतही होते. म्हणजे हात गेला तो पुलावर, आणि तुला शिकवलं ते त्याच्या नंतर. पुलावर तो मेला नाही."

ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. "ते मला नेहमी म्हणतात," ती म्हणाली, "तुझी चूक उलट्या बाजूला होते. आमच्या घरात ती डावीकडे असते."

मग सगळं बाहेर आलं. पुलावर जखमी झालेला शिपाई पलीकडच्या लोकांनी उचलला, त्यांच्याच इस्पितळात त्याचा हात गेला आणि जीव वाचला. युद्ध संपल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, की तुमची गल्ली बॉम्बहल्ल्यात उरलीच नाही. ते खरंच होतं. गल्ली गेली होती, पण मायलेकी त्याआधीच या गल्लीत राहायला आल्या होत्या. त्याला ते कसं कळणार? तो तिथेच राहिला. हिच्याशी लग्न केलं, हिला काम शिकवलं. सीमा उघडल्यावर पलीकडे जुन्या सामानाच्या दुकानात एक खुर्ची आली. वेत नवाकोरा, आणि डाव्या कोपऱ्यात जाड जागा. हिने नवऱ्याला न सांगता ती खुर्ची कुठून आली ते शोधत शोधत हे दार गाठलं. इथे मैत्रिणीला पाहिलं, त्याचं नाव तिच्या तोंडून ऐकलं, आणि त्याच दिवशी नवऱ्याला फोन केला.

"मग महिनाभर गप्प का बसलीस?" मला रागच आला.

"सीमेच्या नाक्यावरून त्यांना दोनदा परत पाठवलंय," ती म्हणाली. "त्यांनीच बजावलं, की मी पार झाल्याशिवाय आईला सांगू नकोस. नाहीतर ती चालत नाक्यावर येईल आणि पहारेकऱ्यांशी भांडेल. आता उद्या दुपारच्या गाडीने यायचं ठरलंय. सोडलं तर."

"आणि खुर्ची?"

"एका हाताने त्यांना ती विणायला महिना लागला असता. आल्या आल्या बसायला तरी हवी." तिने डोळे पुसले. "मला वाटलं, रविवारपर्यंत चादर कोण काढतंय."

मी उठले. आशा लावावी की न लावावी, हे आम्ही दोघींनी ठरवायचं नव्हतं. ज्या बाईने नऊ वर्षं वाट पाहिली, तिला आणखी एक दिवस पेलवेल की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं. भाडेकरणीलाही ते पटलं. जिन्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "अजून एक आहे. पण ते मी नाही सांगणार."

६

दुकानात मी सगळं क्रमाने सांगितलं, कोपरा, दात, सुतळी, सगळं. लेक मध्येच खाली बसली. लंबू रडत होता आणि रडतोय हे कुणाला दिसू नये म्हणून वर छताकडे बघत होता. भाडेकरीण दाराशी उभी होती, मान खाली घालून.

मैत्रिणीने शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, "कुठला हात?"

"उजवा," सून म्हणाली.

"म्हणजे डाव्याने विणतो आणि दातात धरतो."

"हो."

"दात चांगले आहेत ना त्याचे?"

सुनेने हो म्हटलं. मैत्रिणीने तिला जवळ ओढलं आणि एवढं घट्ट धरलं, की पोरीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. मग तिला सोडून ती कोपऱ्यात गेली आणि चपला घालायला लागली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"नाक्यावर. बघते कोण अडवतंय ते."

मुलगा आईला बरोबर ओळखून होता. तिला अडवायला आम्ही चौघं लागलो, आणि त्यातला लंबू एकटा दोघांच्या बरोबरीचा आहे. स्मारकवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की नाव कोरू नका. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, चौकशी चालू आहे.

शनिवारी दुपारी मायलेकी, सून, लंबू आणि मी गाडीतळावर गेलो. सून गाडी येते त्या वळणावर पुढे जाऊन उभी राहिली. गाडी उशिरा आली. माणसं उतरली, सामान उतरलं, दार रिकामं झालं. मैत्रिणीने माझं मनगट धरलं होतं, ते तिने आवळलं. मग दारात एक हडकुळा माणूस आला. दाढी वाढलेली, उजवी बाही खांद्याजवळ टाचलेली. तो मैत्रिणीचा मुलगा होता, यात काही कोडं नव्हतं. त्याचे डोळे तिचेच होते.

पण तो पायरीवरच थांबला. खाली उतरेना. आणि ही, जिने नऊ वर्षं त्याला काय काय ऐकवायचं ते घोकून ठेवलं होतं, ती माझं मनगट सोडून दोन पावलं गेली आणि गप्प उभी राहिली. दोघंही एकमेकांकडे बघत होते आणि दोघांनाही पहिला शब्द सापडत नव्हता.

तेवढ्यात त्याच्या पायांमधून वाट काढत एक चार वर्षांची मुलगी पुढे आली. दोन वेण्या, हातात तिच्याएवढी पिशवी. तिने पिशवी खाली टाकली, उडी मारून उतरली आणि समोर उभ्या असलेल्या आम्हा तिघींना एकेक करून नीट न्याहाळलं.

"यातली माझी आजी कोणती?" तिने विचारलं.

माझ्या मैत्रिणीने शाळेतल्या मुलीसारखा एक हात वर केला. मग दोन्ही हात पसरले, कारण मुलगी धावत निघाली होती.